स्टॅटिनची गोळी सोसत नाहीये? बंद करण्याआधी हे करा

गौरी आणायच्या दिवशी उंबऱ्यापासून देवघरापर्यंत पावलं काढायला मी उकिडवी बसले. पाचवं पाऊल काढून झालं आणि मागे सरकायला उठू लागले, तर मांड्यांनी साथच दिली नाही. दुखतही होतं, पण दुखण्यापेक्षा जोर लागत नव्हता, हे जास्त घाबरवणारं होतं. शेवटी चौकट धरून उभी राहिले आणि उरलेली पावलं सुनेनं काढली. कोलेस्टेरॉलच्या गोळीचा, म्हणजे स्टॅटिनचा, डोस २० वरून ४० मिलिग्रॅम केल्याला तेव्हा सहा आठवडे झाले होते.

त्यानंतर मी जे केलं ते तुम्ही करू नये, म्हणून हा लेख. मी कुणालाही न विचारता गोळी बंद केली. पाय दहा-बारा दिवसांत हलके वाटायला लागले, म्हणजे गोळीच वाईट, असा निकाल मी लावून टाकला. चार महिन्यांनी रक्त तपासलं तेव्हा ९८ वर आलेलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १८१ झालं होतं. माझे वडील ५१ व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्यानं गेले. मला ब्लडप्रेशर आहे. तो आकडा पाहून मी दवाखान्याच्या बाकावरच रडले.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी तीन प्रश्न विचारले: नेमकं कधीपासून दुखायला लागलं? दोन्ही पायांत सारखं होतं का? गोळी थांबवल्यावर कितव्या दिवशी कमी झालं? तिन्हींची धड उत्तरं माझ्याकडे नव्हती. पुढचे आठ महिने ती उत्तरं शोधण्यात गेले. शेवटी माझ्या दुखण्यातला मोठा वाटा वेगळ्याच कारणाचा निघाला, ते पुढे सांगतेच.

मी डॉक्टर नाही, नाशिकला शाळेत शिकवते. यातलं काहीही तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याच्या वर नाही. पण त्यांच्यासमोर बसायच्या आधी काय तयारी करायची आणि काय बोलायचं, ते मला कुणी सांगितलं असतं तर ते चार महिने वाया गेले नसते.

१. आधी धोक्याची लक्षणं नाहीत ना, ते बघा

पुढचं सगळं नंतर वाचा. यातलं काही होत असेल तर गोळी पुढे घेऊ नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा:

- लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा गडद होणं, सोबत स्नायू खूप दुखणं किंवा पाय गळून जाणं
- इतका अशक्तपणा की खुर्चीतून उठता येत नाही, हात वर करून केस विंचरता येत नाहीत
- डोळे किंवा त्वचा पिवळी पडणं
- चेहरा, ओठ, जीभ सुजणं, श्वास लागणं

गडद लघवीचं कारण असं की स्नायू मोठ्या प्रमाणात फुटले की त्यातलं द्रव्य रक्तातून मूत्रपिंडात जातं आणि मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. हे फार क्वचित होतं, पण झालं तर तासांचा हिशोब असतो. रविवार आहे, सण आहे म्हणून थांबू नका.

यातलं काही नसेल, तर गोळी स्वतःच्या मनानं बंद करायची नाही. झटका येऊन गेलेला असेल, स्टेंट बसवलेला असेल किंवा बायपास झालेली असेल, तर तुमच्यासाठी हे वाक्य दुप्पट ठळक आहे. अशा माणसाला दुखणं सोसत बसायलाही मी सांगत नाही. उद्याच फोन करा, पण फोन करेपर्यंत गोळी चालू ठेवा.

२. गोळीच्या पत्त्यावरचं (स्ट्रिपवरचं) बारीक अक्षर वाचा

मोठ्या अक्षरात असतं ते कंपनीनं दिलेलं नाव. त्याच्या खाली बारीक अक्षरात औषधाचं खरं नाव असतं. आपल्याकडे बहुतेकांना अ‍ॅटोरव्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन दिलेलं असतं. सिम्व्हास्टॅटिन, पिटाव्हास्टॅटिन, प्रॅव्हास्टॅटिन ही त्याच घराण्यातली. नाव आणि मिलिग्रॅम, दोन्ही वहीत उतरवा.

यात दोन खड्डे आहेत. पहिला म्हणजे मेडिकलवाला पाच-सहा गोळ्या कापून देतो तेव्हा नावाचा भाग दुकानातच राहतो. म्हणून पूर्ण पत्ता घ्या, नाहीतर तिथेच पूर्ण पत्त्याचा मोबाइलवर फोटो काढा.

दुसरा खड्डा जास्त खोल आहे. आपल्याकडे एकाच गोळीत दोन-तीन औषधं भरलेली मिळतात. स्टॅटिनसोबत अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, फेनोफायब्रेट, व्हिटॅमिन डी असं काहीही असतं आणि नावामागे 'एफ', 'ए', 'गोल्ड' अशी शेपटी जोडलेली असते. माझ्या मावशीला हृदयाच्या डॉक्टरांनी रोसुव्हास्टॅटिन असलेली कॅप्सूल दिली होती आणि गावातल्या डॉक्टरांची अ‍ॅटोरव्हास्टॅटिनची जुनी गोळी तशीच चालू राहिली. तीन महिने ती रोज दोन स्टॅटिन घेत होती. नावं वेगळी, रंग वेगळे, दोन्ही दवाखाने वेगळे, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. तिच्या पायात रात्री गोळे यायचे ते आम्ही थंडीवर ढकलत होतो. सगळे पत्ते एका ताटात मांडून बारीक अक्षरं वाचली तेव्हा उलगडलं. तुमच्याही घरात आज हे करा, पाच मिनिटांचं काम आहे.

३. दुखणं कुठलं आहे, ते ओळखा

स्टॅटिनमुळे होणाऱ्या स्नायूदुखीची एक ठरावीक चाल असते. ती बहुधा दोन्ही बाजूंना सारखी असते आणि मोठ्या स्नायूंत असते: मांड्या, नितंब, पोटऱ्या, खांदे, दंड. मुका मार लागल्यासारखं ठणकतं, भरून येतं, जिना चढताना जड पडतं. बहुतेक वेळा गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ते सुरू होतं. गोळी थांबवल्यावर साधारण दोन ते चार आठवड्यांत उतरतं.

आता उलट बाजू. एकच गुडघा धरत असेल, सांधा सुजला असेल, कंबरेतून एका पायात कळ जात असेल, तळव्यांना मुंग्या येत असतील, किंवा तीच गोळी त्याच डोसमध्ये पाच वर्षं घेतल्यावर मागच्या महिन्यात अचानक एक खांदा आखडला असेल, तर संशय आधी दुसरीकडे न्यायला हवा. झीज, मणक्याची शीर, मधुमेह, फ्रोझन शोल्डर या सगळ्यांचं पन्नाशीनंतर आपल्या शरीरात येणं-जाणं असतंच. स्टॅटिनही त्याच वयात सुरू होतात, त्यामुळे दोघांची गाठ पडते.

४. वही सुरू करा

माझ्या मते या सगळ्या लेखातली सर्वांत कामाची गोष्ट ही आहे. दोनशे पानी वही नको, शाळेची चाळीस पानी पुरते. रोज रात्री एकाच वेळी पाच गोष्टी लिहायच्या. माझ्या वहीतलं एक पान असं आहे:

*मंगळवार. गोळी: रात्री ९.३०. मांड्या: ४ (दोन्ही). खांदे: ०. जिना: दोन मजले, एकदा थांबले. आज काय वेगळं: स्नेहसंमेलनाची तालीम, चार तास उभी. झोप: ५ तास.*

दुखण्याला ० ते १० मध्ये गुण द्या. ० म्हणजे काही नाही, १० म्हणजे सहन न होणारं. आणि एक चाचणी रोज तशीच करा: हात छातीवर बांधून, आधार न घेता खुर्चीतून पाच वेळा उठायचं-बसायचं, आणि किती सेकंद लागले ते लिहायचं. 'दुखतं' आणि 'जोर लागत नाही' हे दोन वेगळे प्रकार आहेत. डॉक्टरांना दुसऱ्या प्रकाराची काळजी जास्त असते, आणि या सेकंदांच्या आकड्यात तो दिसतो.

'आज काय वेगळं' हा रकाना गाळू नका. माझ्या वहीत दुखण्याचे ६ आणि ७ गुण होते त्या बहुतेक दिवसांच्या आदल्या दिवशी मी कपाटं आवरली होती, ब्रह्मगिरी चढून-उतरून आले होते किंवा रात्रभर जागी होते. हे वहीत दिसेपर्यंत मी सगळं गोळीच्या नावावर टाकत होते.

इथं एका अभ्यासाबद्दल सांगायलाच हवं, कारण त्यानं माझं मत बदललं. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या डॉक्टरांनी ६० लोक घेतले. सगळे असे, की ज्यांनी त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलं होतं. प्रत्येकाला बारा महिन्यांसाठी बारा बाटल्या दिल्या: चारांत अ‍ॅटोरव्हास्टॅटिन २० मिलिग्रॅम, चारांत अगदी तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, चार रिकाम्या. कुठल्या गोळीत औषध आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. रोज त्रासाला ० ते १०० मध्ये गुण द्यायचे. गोळीच नसलेल्या महिन्यांत सरासरी ८ गुण आले. स्टॅटिनच्या महिन्यांत १६.३. आणि औषध नसलेल्या गोळीच्या महिन्यांत १५.४. म्हणजे त्रासाचा सुमारे ९० टक्के भाग नुसती गोळी गिळण्यानंच होत होता. हा निकाल २०२० साली प्रसिद्ध झाला, आणि आपापले आकडे पाहिल्यावर त्यातल्या निम्म्या लोकांनी स्टॅटिन पुन्हा सुरू केलं.

याचा अर्थ त्यांना दुखत नव्हतं, असा मुळीच नाही. दुखत होतंच, ते १५ गुण खरे होते. गोळी वाईट आहे हे मनात पक्कं बसलं की शरीर प्रत्येक कळ टिपायला लागतं आणि ती मोठी होऊन जाणवते. तेव्हा 'हे तुमच्या मनाचे खेळ आहेत' असं कुणी म्हणालं तर खचू नका. त्यातली उपयोगाची गोष्ट एवढीच, की आपली स्मरणशक्ती या बाबतीत भरवशाची साक्षीदार नाही. वही आहे.

५. बाकीचे संशयित तपासा

२०२२ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी १९ मोठ्या चाचण्यांमधल्या १ लाख २३ हजारांहून जास्त लोकांची माहिती एकत्र केली. त्यात स्टॅटिन घेणाऱ्यांपैकी २७.१ टक्के लोकांनी स्नायूंची तक्रार केली होती आणि खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी २६.६ टक्के लोकांनी. जो काही जादा त्रास होता तो मुख्यतः पहिल्या वर्षात होता. थोडक्यात, स्नायू दुखणारी माणसं भरपूर आहेत आणि त्यातल्या बहुतेकांचं कारण दुसरं आहे. ते शोधायचं कसं?

थायरॉईड. माझा चोर हा निघाला. टीएसएच, म्हणजे थायरॉईड मंद झालं की वाढणारा रक्तातला आकडा, १४ होतं. थायरॉईड मंद असेल तर अंग दुखतं, थकवा येतो आणि एलडीएल स्वतःहूनही वाढतं. वर स्टॅटिन दिलं तर स्नायूंना त्रास होण्याची शक्यता आणखी वाढते. म्हणजे माझं कोलेस्टेरॉलही काही अंशी त्यामुळेच चढलेलं होतं. गोळी सुरू करताना ही तपासणी झालेली नसेल तर मागून घ्या.

व्हिटॅमिन डी. ते कमी असलं की स्नायू तसेही दुखतात. पातळी तपासून, डॉक्टर सांगतील तेवढंच घ्या. ती पावडरची पाकिटं मनानं दर आठवड्याला वर्षभर घेत राहणारी माणसं मी पाहिली आहेत, तेही घातक आहे.

दुसरी औषधं. इथं जास्त वेळ द्या. काही औषधं स्टॅटिनला शरीराबाहेर जाऊ देत नाहीत, मग रक्तातली पातळी चढते. गजकर्णासाठी त्वचेचे डॉक्टर इट्राकोनॅझोल देतात, कधी कधी कित्येक आठवडे. घशाच्या, छातीच्या संसर्गाला किंवा पोटातल्या जंतूंसाठी क्लॅरिथ्रोमायसिन मिळतं. ही दोन्ही अ‍ॅटोरव्हास्टॅटिन आणि सिम्व्हास्टॅटिनशी पटवून घेत नाहीत. रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन चालू असेल तर सिम्व्हास्टॅटिन २० मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत. डिल्टियाझेम, व्हेरापामिल, अ‍ॅमिओडॅरोन, गाऊट या सांध्यांच्या आजारासाठीचं कोल्चिसिन, ट्रायग्लिसराइड या रक्तातल्या चरबीसाठीचं जेमफायब्रोझिल, ही नावं तुमच्या यादीत असतील तर डॉक्टरांना बोट ठेवून दाखवा. त्वचेच्या किंवा दातांच्या डॉक्टरांकडे गेलात तरी 'मी कोलेस्टेरॉलची गोळी घेते' हे वाक्य आधी म्हणायचं.

ग्रेपफ्रूट. परदेशात मुलांकडे जाऊन राहणाऱ्यांसाठी हे सांगते. तिथं न्याहारीला ग्रेपफ्रूटचा रस सर्रास असतो. भरपूर प्यायला तर अ‍ॅटोरव्हास्टॅटिन आणि सिम्व्हास्टॅटिनची पातळी वाढते. ग्रेपफ्रूट हा पपनस आणि संत्र्याचा संकर आहे, म्हणून पपनस रोज खाणाऱ्यांनीही विचारून घ्यावं.

मेहनत आणि दारू. नव्यानं जिम सुरू केलं, डोंगर उतरून आलात, तर मांड्या दुखणारच. दारू जास्त होत असेल तर स्नायू आणि यकृत दोन्हींवर ताण येतो, आणि डॉक्टरांपासून हे लपवलं तर सगळं गणित चुकतं.

डॉक्टर सीपीके नावाची रक्ततपासणी सांगतील. स्नायूला इजा झाली की हा आकडा वाढतो. तपासणीच्या आधी काही दिवस जड व्यायाम करू नका, दंडात किंवा कंबरेत इंजेक्शन घेतलं असेल तर ते सांगा. नाहीतर आकडा उगाच चढलेला येतो आणि सगळे घाबरतात. प्रयोगशाळेच्या वरच्या मर्यादेच्या दहापट गेला तर गोळी लगेच थांबवतात. थोडासाच वाढला असेल आणि त्रास सोसवत असेल तर बहुधा लक्ष ठेवून पुढे जातात. माझा २४० होता, म्हणजे मर्यादेच्या जरासाच वर.

६. डॉक्टरांकडे जाताना ही पिशवी भरा

- किमान दोन आठवड्यांची वही
- घरातल्या सगळ्या औषधांचे पत्ते, नुसती यादी नव्हे. काढे, चूर्णं, प्रोटीन पावडर, ऑनलाइन मागवलेली कॅप्सूलसुद्धा
- गोळी सुरू करण्याच्या आधीचा लिपिड (कोलेस्टेरॉलचा) रिपोर्ट आणि नंतरचे सगळे, तारखेप्रमाणे लावलेले
- टीएसएच, व्हिटॅमिन डी, एसजीपीटी (यकृतासाठी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), साखर आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) यांचे रिपोर्ट असतील ते
- स्टेंट किंवा अँजिओग्राफी झाली असेल तर डिस्चार्ज कार्ड
- घरात कुणाला कितव्या वर्षी झटका आला, ते एका कागदावर

आणि एक वाक्य पाठ करून जा: 'मला औषध सोडायचं नाहीये, पण असं चालू ठेवणं जमत नाहीये. दुसरा मार्ग शोधूया.' मी आधी 'गोळीनं पाय गेले माझे' असं म्हणाले होते आणि मग बोलणं त्यावरच अडलं. या एका वाक्यानं पुढचा रस्ता उघडला.

७. थांबवणं, पुन्हा सुरू करणं आणि पर्याय

ठरवून केलेली विश्रांती आणि गुपचूप सोडलेली गोळी यांत फरक आहे. डॉक्टर बहुतेकदा दोन ते चार आठवडे गोळी थांबवायला सांगतात. त्या काळात वही चालूच ठेवायची. गुण उतरले नाहीत, तर दोष गोळीचा नसण्याची शक्यता मोठी. उतरले, तर पुन्हा सुरू करून बघायचं आणि गुण परत चढतात का पाहायचं. हा दुसरा भाग लोक टाळतात, पण खरं उत्तर तिथेच असतं. गोळी थांबवूनही आठवडेच्या आठवडे अशक्तपणा वाढतच राहिला तर मात्र पुन्हा डॉक्टरांकडे जा. स्नायूंवर शरीराचाच हल्ला होण्याचा एक दुर्मीळ आजार स्टॅटिनमुळे सुरू होऊ शकतो आणि त्याला वेगळे उपचार लागतात.

पुन्हा सुरू करताना वाटा अनेक असतात.

*डोस कमी करणं.* स्टॅटिनचा डोस दुप्पट केला की एलडीएल सुमारे ६ टक्केच आणखी उतरतं. मोठा परिणाम पहिल्या छोट्या डोसनंच झालेला असतो. हे कळल्यावर माझी '४०च हवी का?' ही भीती गेली. रोसुव्हास्टॅटिनच्या बाबतीत आणखी एक गोष्ट: आशियाई वंशाच्या लोकांच्या रक्तात त्याची पातळी गोऱ्या लोकांच्या साधारण दुप्पट होते, म्हणून अमेरिकेत त्याच्या माहितीपत्रकातच अशांना ५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करावी असं लिहिलेलं आहे. तिकडे राहणाऱ्या आपल्या लोकांनी हा मुद्दा तिथल्या डॉक्टरांकडे जरूर काढावा.

*स्टॅटिन बदलणं.* एक सोसलं नाही म्हणून दुसरं सोसणार नाही, असं नसतं. किमान दोन वेगळी स्टॅटिन, त्यातलं एक कमीत कमी डोसमध्ये, करून पाहिल्याशिवाय 'मला चालतच नाही' हा शिक्का स्वतःवर मारून घेऊ नका. तो शिक्का प्रत्येक केसपेपरवर तुमच्या मागे येतो.

*एक दिवसाआड घेणं.* अ‍ॅटोरव्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन शरीरात बराच वेळ टिकतात, त्यामुळे ते एक दिवसाआड देऊनही फायदा मिळतो. टिकण्याच्या याच गुणामुळे ही दोन सकाळी घ्या किंवा रात्री, फरक पडत नाही. सिम्व्हास्टॅटिन मात्र रात्रीच घ्यायचं.

*इझेटिमाइब जोडणं.* हे आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषून घेणं कमी करतं, १० मिलिग्रॅमची एकच गोळी असते आणि बहुतेकांना विनातक्रार चालते.

हे सगळं होऊनही जमलं नाही, तर वेगळ्या प्रकारचं औषध, बेम्पेडोइक अ‍ॅसिड आहे. ते यकृतात गेल्यावरच कामाला लागतं. त्याला जागं करणारं विकर (एन्झाइम) स्नायूंत नसतं, म्हणून स्नायूंना सहसा धक्का लागत नाही. मात्र युरिक अ‍ॅसिड वाढू शकतं, तेव्हा गाऊट असेल तर आधी सांगा. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या जवळपास १४ हजार लोकांच्या चाचणीत, ज्यांना स्टॅटिन सोसत नव्हतं अशांमध्ये, यानं हृदयविकाराचे गंभीर प्रसंग १३ टक्क्यांनी कमी केले. त्याच्याही पुढे इंजेक्शनं आहेत. इन्क्लिसिरॅन पहिल्या दोन डोसनंतर वर्षातून दोनदाच घ्यावं लागतं, पण महाग आहे.

माझं असं ठरलं: आधी थायरॉईडची गोळी, टीएसएच जागेवर आल्यावर रोसुव्हास्टॅटिन ५ मिलिग्रॅम, सहा आठवड्यांनी त्यात इझेटिमाइब. मांड्यांचे गुण आता ० किंवा १ असतात. शेवटचं एलडीएल ८४.

८. स्नायूंखेरीजचे त्रास

*साखर.* स्टॅटिननं रक्तातली साखर किंचित वाढते, हे खरं आहे. ज्यांची साखर आधीच काठावर आहे त्यांना मधुमेहाचं निदान थोडं लवकर होऊ शकतं. तरीही मधुमेह्यांना डॉक्टर मुद्दाम स्टॅटिन देतात, कारण त्यांच्या हृदयाला धोका जास्त असतो आणि फायदा त्याहून मोठा असतो. एचबीए१सी तपासत राहा, जेवणानंतर चाला.

*यकृत.* एसजीपीटी थोडं वाढलं म्हणून घाबरू नका. मर्यादेच्या तिपटीच्या वर गेलं आणि पुन्हा तपासूनही तसंच राहिलं तर डॉक्टर बदल करतात. यकृतावर चरबी आहे म्हणून स्टॅटिन चालत नाही, हा समज चुकीचा आहे.

*पोट.* मळमळ, गॅस, जुलाब बहुधा पहिल्या काही दिवसांत शमतात. जेवणानंतर घेऊन बघा. अ‍ॅसिडिटीचं पातळ औषध घेत असाल तर रोसुव्हास्टॅटिन आणि त्यात किमान दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर गोळीचा परिणामच निम्म्यावर येतो.

*झोप उडणं.* गोळी सकाळी घेता येईल का, ते विचारा.

*गर्भधारणा.* दिवस राहिले असतील किंवा तसा विचार असेल, तर गोळीबद्दल डॉक्टरांशी लगेच बोला. या काळात ती सहसा थांबवतात.

९. घरचे, शेजारी आणि मोबाइलवरचे सल्ले

माझ्या नवऱ्यानं काळजीपोटीच 'सोड ती गोळी' म्हटलं होतं. शेजारच्या काकूंनी लसणाच्या पाकळ्या, जाऊबाईंनी अर्जुनाच्या सालीचा काढा सुचवला. माणसं आपल्यावरच्या मायेनंच बोलतात. पण १८१ एलडीएल आणि ५१ व्या वर्षी गेलेले वडील, हे त्यांच्या डोळ्यांसमोर नसतं. मी सगळ्यांना एकच उत्तर द्यायला लागले: 'काकू, रिपोर्ट आला की डॉक्टरांना विचारून सांगते.' कुणी दुखावलं नाही.

आहाराचा फायदा होतो, त्याबद्दल वाद नाही. तळण, वनस्पती तूप, बेकरीचं कमी केलं, ओट्स, कडधान्यं, भाज्या वाढवल्या तर एलडीएल काही टक्के उतरतं. धोका जास्त असलेल्या माणसाला तेवढं पुरत नाही.

'नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या लाल यीस्टच्या तांदळाच्या कॅप्सूलपासून विशेष सावध राहा. त्यातलं मोनॅकोलिन के म्हणजेच लोव्हास्टॅटिन, १९८७ साली अमेरिकेत मंजूर झालेलं पहिलं स्टॅटिन. म्हणजे तीच गोळी, पण किती मिलिग्रॅम आहे ते कळत नाही. आणि स्टॅटिनचा शोधच मुळी बुरशीतून लागला. जपानच्या अकिरा एन्दो यांनी १९७० च्या दशकात हजारो बुरशी तपासून ते पहिलं द्रव्य वेगळं केलं होतं. 'निसर्गातलं' आणि 'केमिकल' अशी वाटणी इथं लागूच पडत नाही.

कोएन्झाइम क्यू१० या पूरक गोळीबद्दल खूप जण विचारतात. स्नायूदुखी त्यानं नक्की थांबते असा पुरावा मिळालेला नाही. डॉक्टरांना विचारून करून बघायला हरकत नाही, पण थायरॉईडची तपासणी सोडून त्यावर पैसे घालू नका.

१०. त्रासाची नोंद करा, पुढची तारीख ठरवा

औषधाचा त्रास झाला तर सरकारकडे कळवता येतो, हे मला उशिरा कळलं. भारताच्या औषधदक्षता कार्यक्रमाचा मोफत नंबर आहे १८००-१८०-३०२४. रुग्ण स्वतः नोंद करू शकतो. औषधाचं नाव, डोस, कधी सुरू केलं, काय झालं, ही सगळी माहिती तुमच्या वहीत तयार असेलच.

गोळी किंवा डोस बदलल्यावर ४ ते १२ आठवड्यांत लिपिड पुन्हा तपासतात. पूर्वीसारखं उपाशीपोटी जावंच लागतं असं नाही, पण ट्रायग्लिसराइड जास्त असतील तर उपाशी बोलावतात, तेव्हा आधी विचारा. दवाखान्यातून बाहेर पडायच्या आधीच तारीख ठरवा आणि घरी आल्या आल्या कालनिर्णयवर त्या चौकोनात 'रक्त' असं लिहा. त्याच्या दोन आठवडे आधीच्या चौकोनात 'वही' लिहा, म्हणजे नोंदी तिथून पुन्हा रोज सुरू होतील आणि रिपोर्टसोबत ताजी दोन आठवड्यांची पानं डॉक्टरांपुढे ठेवता येतील.